गांधारीच्या तबकड्या

'चकाके कोर चंद्राची' या जुन्या भावगीतात दोन आवाज आहेत. एक जी. एन. जोशींचा, शब्द न् शब्द नीट कळावा असा. दुसरा एका तरुण मुलीचा. बारीक, उजळ, वरच्या सुरांवर सहज चढणारा आणि तिथं न रेंगाळता खाली येणारा. तबकडीवर त्या मुलीचं नाव होतं गांधारी. ही गांधारी म्हणजे गंगूबाई हनगल. कुणी सांगितल्याशिवाय हे कळत नाही, आणि सांगितल्यावरही कान लवकर कबूल होत नाहीत.

कारण आपल्या कानात ज्या गंगूबाई बसल्या आहेत त्या वेगळ्याच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या आमच्या मैंदर्गीत रेडिओला दोन्ही बाजू लागतात. एकीकडून सोलापूर, दुसरीकडून गुलबर्गा, आणि रात्री हवा साथ देत असेल तर धारवाडही. आमच्या घरात धारवाड लागायचं ते अव्वासाठी. आईला आमच्याकडे अव्वाच म्हणतात. रात्रीच्या भाकऱ्या आटोपल्या की ती रेडिओची खुंटी फिरवत बसायची, आणि खरखरीतून कधी तरी तो आवाज वर यायचा. जाड, भरीव, एकेका सुरावर पाय रोवून उभा राहणारा. घरी नवा पाहुणा आलेला असला तर हमखास विचारायचा, "कोण बुवा म्हणायचे हे?" अव्वा हसून सांगायची, "बुवा नाहीत, आपल्या हुबळीच्या गंगूबाई." 'आपल्या' म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला आजही लख्ख आठवतं. काळ्या रानात उन्हाळी नांगरट खोल जावी तसा तो षड्ज आत जायचा. मारवा असो की शुद्ध कल्याण, राग त्या आवाजात घाईनं उघडतच नसे.

ज्यांनी हे ऐकलं आहे त्यांना गांधारीची तबकडी ऐकताना पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं होतं. आपण त्या बारीक आवाजात पुढचा जाड आवाज शोधू लागतो. इथं किराणा घराण्याचा सूरलगाव दिसतो का, या हरकतीत त्यांचे गुरू सवाई गंधर्व आहेत का. गाणं सव्वातीन मिनिटांत संपून जातं आणि आपण ते ऐकलेलंच नसतं. आपण फक्त चौकशी केलेली असते. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की त्या तबकड्यांची चौकशी पुरे झाली, आता त्या ऐकायला हव्यात.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गाणाऱ्या. त्यांचं गाणं ऐकायला अब्दुल करीम खाँसाहेब घरी येत, एवढी त्यांची तयारी. मुलीचा कल हिंदुस्थानी गाण्याकडे आहे हे दिसल्यावर तिच्या कानावर दोन पद्धती एकदम पडू नयेत म्हणून अंबाबाईंनी आपलं स्वतःचं गाणं बंद केलं. हे वाक्य चरित्रांतून एका ओळीत येतं आणि पुढे निघून जातं. मी तिथं दर वेळी थांबते. गाणं हेच ज्या बाईचं जगणं, तिनं मुलीच्या गळ्यासाठी आपला गळा मिटला. त्या १९३२ च्या सुमारास गेल्या. कुटुंब १९२८ मध्ये हुबळीला आलेलं होतं. कृष्णाचार्य हुळगूर आणि दत्तोपंत देसाई यांच्याकडे मुलीचं शिक्षण झालं होतं. वयाच्या सोळाव्या वर्षी गुरुराव कौलगींशी लग्नही झालं होतं. म्हणजे ज्या दिवसांत हिज मास्टर्स व्हॉइस या ग्रामोफोन कंपनीचं बोलावणं आलं आणि ती मुंबईला गेली, त्या दिवसांत ही गांधारी विशीच्या आसपासची, संसारात पडलेली आणि आईविना गाणारी मुलगी होती.

भावगीत तेव्हा नुकतंच कुठं उभं राहत होतं. नाट्यपद होतं, लावणी होती, अभंग होते. पण चांगल्या कवीची कविता घ्यायची, तिला चाल लावायची, आणि घरात बसून गुणगुणता येईल असं ते गाणं तबकडीच्या एका बाजूवर बसवायचं, ही कल्पना नवी होती. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायली आणि ती तबकडी घरोघर गेली. जोशींचं शिक्षण वकिलीचं, ओढ गाण्याची. पुढे ते त्याच कंपनीत अधिकारी झाले, थोरथोर गवयांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या हातून झाली, त्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहून ठेवल्या. तरुण जोशींच्या शेजारी उभं राहायला कंपनीनं कुणाला निवडलं, तर हुबळीच्या कानडी मुलीला.

आज आपल्याला याचं नवल वाटतं. तेव्हा वाटलं नसावं. धारवाड, विजापूर, बेळगाव, सोलापूर हे सगळे जिल्हे त्या वेळी मुंबई इलाख्यातले. गांधारीसाठी मुंबई ही परक्या राज्याची राजधानी नव्हती. आणि गाण्याच्या बाबतीत तर मराठी रंगभूमी ही त्या सगळ्या मुलखाची शाळाच होती. तिचे पुढचे गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, कुंदगोळचे कानडी. त्यांना नाव आणि हा किताब मिळाला तो मराठी संगीत नाटकांमधून. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी अशाच. कानडी गळ्यानं मराठी शब्द उचलायचा हा त्या पिढीचा रोजचा व्यवहार होता.

मराठी ऐकणाऱ्यांनी या व्यवहाराची किंमत म्हणावी तशी केली नाही, असं मला वाटतं. भीमसेन जोशींना आपण आपलंसं केलं, ते त्यांच्या अभंगांमुळे आणि पुण्यात मुक्काम केल्यामुळे. गंगूबाईंबद्दल मात्र 'कर्नाटकातल्या थोर गायिका' एवढंच म्हणून आपण हात जोडतो. त्यांची मराठी गाणी आपल्या भावगीताच्या पहिल्या पानावर आहेत, हे विसरून.

तबकडीनं त्या काळी आणखी एक काम केलं. आमच्यासारख्या गावांत गाणाऱ्या बाईला घरात बोलावण्याची पद्धत नव्हती. ऐकायचं ते बाहेर, पुरुषांनी. तिच्या घराण्याकडे बोट दाखवून मग तिच्या गाण्याला मान डोलवायची. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी उभी राहिली, तेव्हापासून पहिली कित्येक वर्षं तबकड्यांचा मोठा भाग अशाच गाणाऱ्या घराण्यांतल्या बायकांच्या आवाजाचा होता. ज्या सोप्यावर तिला बसू दिलं नसतं, त्या सोप्यावर तिचा आवाज चावी दिलेल्या फोनोतून येऊ लागला. माजघरातल्या बायकांनाही तो ऐकू येऊ लागला, कुणाची परवानगी न घेता. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गाताना लहान गंगूबाईंच्या मनात भीती होती ती गाण्याची नव्हती. आपल्याला मागाहून उष्टी उचलायला सांगतील का, याची होती. हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलं आहे. तबकडीत असली भीती शिरत नाही. तिथं फक्त आवाज पोचतो. गांधारीचा आवाज इतका मोकळा लागला आहे त्यामागं हेही एक कारण असेल, असं मला ऐकताना वाटत राहतं.

अशी पहिली, दुसऱ्याच नावानं निघालेली आणि मागं पडलेली तबकडी सगळ्या जगात सापडते. १९६४ च्या जुलैमध्ये लंडनला 'द हाय नंबर्स' या चौघांची एक तबकडी फाँटाना कंपनीनं काढली. एका बाजूला 'झूट सूट', दुसऱ्या बाजूला 'आय ॲम द फेस'. दोन्ही चाली अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रिदम अँड ब्लूजमधून घेतलेल्या. दुसरी तर लुइझियानाच्या स्लिम हार्पोच्या गाण्यावर सरळच बेतलेली. शब्द त्यांचा कारभार बघणाऱ्या पीट मीडनचे, लंडनमधल्या 'मॉड' म्हणवणाऱ्या, कपड्यांवर जीव टाकणाऱ्या पोरांना रिझवण्यासाठी. हजारभर प्रती निघाल्या. त्याही खपल्या नाहीत. चौघांनी आपलं आधीचं नाव परत घेतलं आणि 'द हू' म्हणून ते जगभर गाजले. पुढचं सगळं लोकांना ठाऊक आहे: रंगमंचावर फोडलेल्या गिटारी, १९६९ चा 'टॉमी'. त्या पहिल्या तबकडीचा उल्लेख तळटीपेत येतो, आणि आला तरी, 'इथं अजून ते स्वतःला सापडले नव्हते' अशा शब्दांत.

मी ती ऐकली आहे, पुन:पुन्हा. मला ती आवडते. त्यांच्या रॉजर डॉल्ट्री या गायकानं दुसऱ्याचं गाणं दुसऱ्याच्या ढंगात गायलं आहे, पण मन लावून. मिसिसिपी-लुइझियानाच्या शेतमजुरांच्या पोटी वाढलेला तो ताल लंडनच्या पोरांना का इतका हवासा वाटला, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या अडीच-तीन मिनिटांत जास्त कळतं. त्यांना अजून स्वतःचं असं काही सांगायचं नव्हतं, म्हणून ऐकलेल्यावरचं प्रेम तेवढं त्यात उतरलं आहे. पुढच्या मोठ्या तबकड्यांमध्ये ते प्रेम दिसत नाही, कारण तिथं ते स्वतःच मोठे झालेले असतात.

आपल्या अंगणातलंही एक उदाहरण आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथं 'द हेक्टिक्स' नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा पुढं फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७३ मध्ये त्याच्या क्वीन या बँडची पहिली तबकडी यायच्या थोडं आधी त्याच्या आवाजात 'आय कॅन हिअर म्यूझिक' हे रॉनेट्सचं जुनं गाणं निघालं, आणि त्यावर नाव होतं लॅरी ल्यूरेक्स. ते चाललं नाही. काढलं ईएमआयनं. गांधारीची तबकडी काढणारी ग्रामोफोन कंपनी १९३१ मध्ये ज्या ईएमआयमध्ये सामील झाली, तीच ही.

पण गांधारीची गोष्ट या दोघांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे, आणि मला ती जास्त लागून राहते. लंडनची पोरं अपयशानं मागं फिरली. गांधारी मागं फिरली ती आपणहून. १९३७-३८ च्या सुमारास सवाई गंधर्वांकडे तिची नीट तालीम सुरू झाली. हुबळीहून संध्याकाळच्या गाडीनं कुंदगोळ, तालीम, आणि रात्री परत. गुरुजी थोड्याच सुरावटी देत आणि त्याच घोटून घेत. सूर कृपणासारखा जपून खर्चायला ते शिकवत, असं गंगूबाई सांगत. हे शिक्षण भावगीताच्या नेमकं उलट. भावगीतात तीन मिनिटांत सगळं देऊन मोकळं व्हायचं असतं. इथं तासभर गाऊनही शिल्लक ठेवायची. सुरुवातीला त्या ठुमरी-भजनंही गात. पुढे त्यांनी सुगम गायला साफ नकार दिला. मी राग गाते, एवढंच त्यांचं म्हणणं. गांधारी हे नाव मागं पडलं आणि पूर्वजांच्या हनगल गावचं नाव लावलेल्या गंगूबाई उरल्या.

नंतर आवाजही गेला. म्हणजे तो पहिला आवाज. घशाचं दुखणं झालं, उपचार झाले आणि त्यानंतर आवाज उतरत उतरत पुरुषांच्या पट्टीजवळ येऊन बसला. दुसरी कुणी खचली असती. त्यांनी त्या नव्या आवाजात पुन्हा सगळं गाणं उभं केलं आणि तो असा काही वापरला की किराण्याच्या नाजूक सूरलगावाला एक वेगळाच कणा मिळाला. १९७१ मध्ये पद्मभूषण, २००२ मध्ये पद्मविभूषण, ते या आवाजाला. कन्या कृष्णाबाई मागं बसून साथ करायच्या. वरचे सूर बहुतेक वेळा त्यांच्याकडे असत. मला ते ऐकताना वाटायचं, आईचा जुना आवाज लेकीकडे ठेवायला दिला आहे. २१ जुलै २००९ ला गंगूबाई गेल्या, हुबळीतच.

तेव्हा गांधारीच्या तबकड्यांत जे आहे ते पुढच्या गंगूबाईंचं बीज नाही. बीजातून झाड येतं. इथं एक झाड होतं, ते गेलं, आणि त्याच जागी दुसरं उभं राहिलं. तो उजळ आवाज आणि प्रेमाचं गाणं गाताना न लाजणारी ती मुलगी, हे सगळं पुरतं पिकलेलं होतं. तिला पुढं कुणी व्हायचं राहिलं नव्हतं. हेच मी हाय नंबर्सच्या बाबतीतही म्हणेन. मोठ्या माणसाचं आधीचं काम आपण कायम मागं वळून ऐकतो, त्याच्या पुढच्या यशाच्या बाजूनं. पण ज्या दिवशी ती मुलगी मायक्रोफोनपुढं उभी राहिली, त्या दिवशी तिच्यासमोर पद्मविभूषण नव्हतं. समोर ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा दिवा होता, तीन मिनिटं होती, आणि न चुकता गायचं होतं, कारण मेणावर कोरलेला सूर पुसता येत नाही.

मैंदर्गीत हे मला इतकं जवळचं वाटतं, त्याला आमचं असणं कारण आहे. आमच्या घरात बोलायचं कानडीत, शाळेचं दप्तर मराठीत. शेजारच्या घरी उलटं. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत, आणि भजनाच्या रात्री बसवण्णांच्या वचनानंतर तुकोबांचा अभंग येतो तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं हा तालुका पलीकडे द्यावा असं सुचवलं. अजूनही निवडणुका आल्या की दोन्हीकडची मंडळी आमच्यावर हक्क सांगतात. दोन्हीकडचा माणूस आम्हाला आपापल्या भाषेत थोडा कच्चा समजतो. पहिल्या प्रयत्नातला, अजून पुरा न झालेला. म्हणून गांधारी 'चंद्र' म्हणते तेव्हा त्यातला 'च' माझ्या कानाला आमच्या घरचा वाटतो, थोडा कोवळा, आणि शब्दाच्या शेवटचा स्वरही ती पुरा उच्चारते. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीला हा उच्चार आहे. त्याला कच्चा म्हणायची माझी तयारी नाही.

गेल्या श्रावणात आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना मी ते गाणं फोनवर ऐकवलं. कोण गातंय ते सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि विचारलं, "ही पोर कुठली? गळा नितळ आहे." मग पेटी ओढली. पट्टी धरायला गेले तर सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच. इकडच्या पट्टीला चढतो, तिकडच्या पट्टीला उतरतो. मी त्यांना सांगितलं की त्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणायच्या, पण मुद्रण करणाऱ्या यंत्राचा आणि वाजवणाऱ्या यंत्राचा वेग नेमका जुळेलच असं नाही. वेग थोडा वाढला की सूर चढतो, आवाजही बारीक होतो. काका म्हणाले, "म्हणजे तुझी ती पोर याहून थोडी भरदार असणार." हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आम्ही मग फोनवर वेग थोडा थोडा कमी करून बघितला, काळी चारपर्यंत आणला. आवाज किंचित खाली उतरला, रुंद झाला, आणि काकांनी एकदम हात थांबवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या घरीही धारवाड लागायचं.

नाव तेव्हा सांगितलं. काका बराच वेळ पेटीचा भाता नुसताच हलवत राहिले. मग म्हणाले, चाल उतरवून घेऊ, कोजागरीला म्हणायला बरी आहे, चंद्राचंच गाणं. पुरुषाच्या ओळी ते घेणार होते. गांधारीच्या ओळींसाठी मंडळात एक नुकती लग्न होऊन आलेली सून आहे, सीमेपलीकडच्या आळंद तालुक्यातल्या एका गावची. मराठी अजून अडखळत बोलते, पण गळा चांगला लागतो. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी ते शब्द कानडी अक्षरांत लिहून काढले आणि नेऊन दिले.